नंदीच्या पायाखालचा तुकडा

बाबा,

तुमच्या लोखंडी हातोड्याच्या तोंडाचा एका कडेला टवका उडालेला होता, नखाएवढा. त्यामुळे तो लाकडावर कधी पूर्ण गोल उमटायचा नाही. एका बाजूने कुरतडलेल्या भाकरीसारखा उमटायचा. आपल्या दाराच्या चौकटीवर, पाण्याच्या घडवंचीवर, जिथे जिथे तुम्ही खिळा ठोकला तिथे तिथे मी तो ठसा पाहिलेला आहे. मागच्या मंगळवारी तो मी पुन्हा पाहिला, जिथे तो असायलाच नको होता तिथे. तेव्हापासून मी तुमच्यावर इतकी चिडलेली आहे की जेवताना घास हातात तसाच राहतो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मेलेल्या माणसावर राग धरू नये, असं आई म्हणते. राग कशाचा, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आधी तुमच्या बाजूचं लिहिते, नाहीतर माझं मलाच खोटं वाटेल. मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. सारखा ताप यायचा, आणि शाळा आंजी गावाला, पायी जावं लागायचं. तुम्ही म्हणालात, राहू दे घरी, मी शिकवतो. तुमच्या कानावरच्या जाड पेन्सिलीने मी फळीवर अक्षरं काढायची. फळी भरली की तुम्ही रंध्याचा एक हात फिरवायचे आणि पाटी कोरी. माझे कितीतरी चुकलेले 'ळ' अशा कुरळ्या सालींमध्ये गुंडाळून चुलीत गेले. बेरीज मी टेपावर शिकले, अपूर्णांक सुतावर, इंचाच्या आठव्या भागावर. आता मी जिथे काम करते त्या वर्कशॉपमध्ये लोक मला विचारतात, तू माप इतकं चटकन कसं सांगतेस? मी सांगत नाही. ते तुमचं आहे, आणि सध्या मला तुमचं काही कोणाला सांगायचं नाही.

मोगरी करायला तुम्ही मला दहाव्या वर्षी शिकवलं. पटाशीवर मारायचा लाकडी हातोडा, आपल्याकडे मोगरीच म्हणतात. ती मला अजून अख्खी आठवते, तिची एकेक कड.

"कायची करशीन?" तुम्ही विचारलं.

"सागाची."

"काऊन?"

"चांगलं लाकूड हाय."

"चांगलं हाय ते दारासाठी. मोगरीले मार खाणारं पाह्यजे. साग हलका, दोन महिन्यात चिरते. बाभूळ घे, मधातली, लाल गाभ्याची. नाई तं धावडा. अन् मऊ लाकडाले जड मोगरी नको, नाजूक पटाशीले तं नकोच नको. आपला हात पाहून वजन घ्या लागते."

मग तुम्ही बाभळीचा ठोकळा माझ्या हातात दिला, हात समोर ताठ धरायला लावला आणि वीस आकडे मोजले. बाराव्या आकड्याला माझं मनगट थरथरलं. तुम्ही ठोकळ्याची एक चकती कापली. पुन्हा वीस. पुन्हा चकती. तिसऱ्या वेळी हात थरथरला नाही, पण ओझं जाणवलं. तुम्ही म्हणालात, "हेच. काहीच नाई वाटलं तं तेही बेकार." दांड्याचं भोक वरच्या तोंडाला रुंद आणि खाली अरुंद केलंत, दांडा वरून खाली ओवला, म्हणजे जितकं मारावं तितकं डोकं घट्टच होत जातं. मारायची दोन्ही तोंडं किंचित तिरकी तासली, कारण कोपरातून फिरणारा हात सरळ रेषेत येत नाही. कडा मोडल्या, म्हणजे टवके उडायचे नाहीत. मग आठ दिवस जवसाच्या तेलात. मी रोज जाऊन पाहायचे. "लोणचं हाय का ते? सारखी झाकण उघडून राह्यली," आई म्हणायची.

आपल्या घरातला नियमही तुम्ही तेव्हाच सांगितला. ज्याची मोगरी त्याचाच हात. रंधा मागा, करवत मागा, पण दुसऱ्याची मोगरी उचलायची नाही, बापाचीही नाही आणि लेकाचीही नाही. ती त्या हाताला बसलेली असते, दुसऱ्याने मारली की तोंड वाकडं झिजतं. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांना मिळून एक फूल, पण मोगरीला मात्र प्रत्येकीला वेगळं. भिंतीवर दोन खुंट्या होत्या, एक तुमची आणि तिच्या खाली वीतभर माझी. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, पोरीच्या जातीले हत्यार कायले? तुम्ही हसून म्हणालात, "हात हाय तिले. अजून काय लागते?" हे वाक्य मी किती वर्षं पुरवून पुरवून खाल्लं, तुम्हाला कल्पना नाही.

आणि आवाज. डोळे मिटून बसायचं आणि तुम्ही कशाने मारताय ते ओळखायचं, हा आपला खेळ. मोगरी पटाशीवर पडली की ठप्प, पोट भरल्यासारखा. भोकाचा तळ जवळ आला की तोच आवाज जाड होतो. लोखंडी हातोडा लाकडावर पडला की आवाज दुहेरी येतो, आधी टण् आणि मागून एक बारीक चरचर. ती चरचर म्हणजे आतले धागे तुटणं. "ते आईकू आलं का समज, लाकूड रडून राह्यलं," तुम्ही म्हणायचे. मी एकदाही चुकले नाही. शंभरदा विचारलं असेल तुम्ही.

मी तेरा वर्षांची होते तेव्हाचा तो नंदी. गावातल्या सेठजींना नातवासाठी तान्ह्या पोळ्याला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी मिरवतात त्या सणाला, असा नंदी हवा होता की बाकीच्या पोरांचे नंदी बाजूला सरकतील. सागाच्या एका ओंडक्यातलं धड, चार पाय वेगळे करून पोटात बसवलेले, खाली चाकांची फळी. पायांसाठी पोटात चार चौकोनी भोकं पाडायची, ती तुम्ही माझ्याकडे दिलीत. माझं पहिलं मोठं काम. चार दिवस लागले. पटाशीच्या पात्यावर खोलीची खूण करून एकेक भोक मी त्या खुणेपर्यंतच नेलं, तिच्या केसभर खाली नाही. चारही पाय आपण दोघांनी एकत्र मापले, तुम्ही कापले. आठवडाभर पावसाची झड लागलेली, सगळं लाकूड फुगलेलं, दारं बसेनात, पेटीचं झाकण उघडेना. त्याच आठवड्यात तुमची मोगरी मधोमध चिरली. नव्या मोगरीचं लाकूड माळ्यावर सावलीत वाळत होतं, अजून ओलं. पोळ्याच्या सकाळी तुम्ही एकटे पाय बसवायला बसलात. मी आत चुलीपाशी होते, आईला सणाचं करू लागत होते.

दुपारी सेठजी स्वतः आले, बरोबर सेठाणी आणि नातू. नंदीच्या पोटाला पुढच्या उजव्या पायापासून मागपर्यंत चीर होती. तुम्ही तिच्यात सरस आणि भुसा भरला होता, पण ओल्या हवेत तो वाळला नव्हता, जखमेसारखा दिसत होता. ओट्यावर पाच-सहा माणसं बसलेली. सेठजींनी चिरेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मिस्त्री, हे काय?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पोट्टीनं केलं," तुम्ही म्हणालात. "भोकं पाडाले देल्ली होती तं लोखंडी हातोडा घेऊन बसली. घाई. पायही एक आखूड कापला, खालून तुकडा लावा लागला. माहीच चूक, पोरीच्या हातात काम देल्लं."

सेठजी हसले. ओट्यावरचे सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री, पोट्टीले पोळ्या लाटाले लावा, हातोडा राहू द्या." सेठाणी मला म्हणाली, "नंदी फोडला का गं तू? देवाचा बैल?" मी म्हणाले, "बाबा, मी नाई..." आणि तुम्ही ओरडलात, "चूप! वरून खोटं बोलते?" मग तुम्ही उठून खालच्या खुंटीवरची माझी मोगरी काढली, आत जाऊन आईच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "चुलीत घाल." आईने घातली. तेल प्यायलेली होती म्हणून छान जळाली. त्या जाळावर आम्ही सणाची कढई ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत निखारा होता.

पुढच्या महिन्यात मला वडनेरला मामाकडे धाडलं. तिथे शाळा जवळ, असं सांगितलं. कामाच्या ओट्यावर मी पुन्हा बसले नाही, आणि तुम्हीही ये म्हणाला नाहीत. अडीच वर्षांनी तुम्ही गेलात. शेवटच्या आजारात मी उशाशी होते. तुमच्याकडे बोलायला आठ दिवस होते. तुम्ही पाणी मागितलं, पंखा मागितला, बाजेचा पाया हलतो म्हणालात.

याने माझं काय झालं ते आता ऐका. मी माझ्या हातावर विश्वास ठेवणं सोडलं. तुम्ही खोटं बोलता हे माझ्या डोक्यात येऊच शकत नव्हतं, म्हणून मी असं ठरवलं की मीच विसरले असणार. मी खरंच लोखंडी हातोडा घेतला असेल आणि मला आठवत नसेल. तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या आठवणीवर फुली मारली. तेव्हापासून मी कुलूप लावलं की तीनदा ओढते. पत्र पेटीत टाकलं की पत्ता बरोबर होता का म्हणून रात्रभर कुढते. परीक्षेत उत्तर लिहून खोडायची, मग तेच पुन्हा लिहायची. मास्तर म्हणायचे, तुला येतं तरी तू भितेस कशाला?

आता मी दवाखान्याच्या वर्कशॉपमध्ये आहे. पोलिओच्या मुलांचे कॅलिपर, गुडघ्याचे पट्टे, लाकडी-चामडी पाय असं काम. तिथे भिंतीवर हातोड्यांची ओळ आहे. चामडं साच्यावर बसवायला कच्च्या चामड्याची मोगरी, कारण ती डाग पाडत नाही. पत्रा वाळूच्या पिशवीवर वळवायला लाकडी. जोड ढिला करायला रबरी, तोही पांढरा, काळा रबर फिक्या चामड्यावर काजळ सोडतो. कोणत्या कामाला कोणता, हे मला पहिल्याच दिवशी सगळं येत होतं. फक्त मारता येत नव्हतं. मी खुणा करायची, कापायची, घासायची, आणि मारायची वेळ आली की आमच्या मोठ्या मिस्त्रींना हाक मारायची. सहा वर्षं. ते म्हणायचे, "बाई, हे काय करून राह्यल्या तुमी? स्वयंपाक सगळा करता अन् फोडणीले मले बोलावता!" सगळे हसायचे, मीही हसायची.

दोन महिन्यांपूर्वी सेठाणी आली, गुडघ्याच्या पट्ट्यासाठी. म्हातारी झाली आहे, सेठजी नाहीत आता. माप घेताना तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि जोरात म्हणाली, "अरे, तू मिस्त्रीची पोरगी नं? वो नंदी फोडणारी?" बाकावर बसलेले पेशंट वळून पाहू लागले. "देख बेटा, पट्टा नको फोडजो माझा!" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं. दुसऱ्या खेपेला ती रिक्षातून नंदीच घेऊन आली. पणतू झालाय, त्याला तान्ह्या पोळ्याला तोच नंदी हवा, आणि चीर आता बोट जाईल इतकी उघडलेली. "तूच फोडला, तूच जोड," ती म्हणाली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी नंदी टेबलावर उलटा ठेवला. सरस केव्हाच मेला होता, पाय हाताने हलवून निघाले. आधी मी चारही पाय शेजारी शेजारी उभे केले. पुढच्या उजव्या पायाखालचा तो तुकडा, तुम्ही खुरासारखा कोरून लावलेला, बोटाच्या नुसत्या दाबाने सुटला. आणि बाबा, चारही पाय सारखे निघाले. मी काटकोनाचा गुण्या लावून पाहिलं, मग टेप लावून पाहिलं, मग मोठ्या मिस्त्रींना पाहायला लावलं. सारखे. कोणताच आखूड नव्हता. मग त्या पायाचं भोक पाहिलं. माझी खूण जिथे थांबली होती तिथे पटाशीची स्वच्छ रेघ अजून आहे. त्या रेघेच्या खाली लाकूड कापलेलं नाही, चेचलेलं आहे. पाय माझ्या तळाच्या खाली ठोकून घुसवला होता, म्हणून पोट फाटलं, म्हणून पाय आखूड दिसला. शेवटी मी त्या पायाचा तळवा उजेडात धरला. त्यावर पाच गोल होते, एकावर एक पडलेले, आणि प्रत्येक गोलाची एक कड कुरतडलेली.

"बसलं नाई तं काढजो, घासजो, पुन्हा घालजो. मारजो नको." हे कोण म्हणायचं? फुगलेलं लाकूड, चिरलेली मोगरी, दारात सेठजी येणार, हे सगळं मला कळतं. घाई झाली असेल. एक घाव पडला, मग दुसरा. पाच घावही मी माफ केले असते, मला वाटतं. पण तुम्ही बसून एक तुकडा निवडलात, रेषा जुळवून, त्याला खुराचा आकार दिलात, मधली फट कोरलीत, आणि तो त्या खुणांवर बसवलात. त्याला निदान अर्धा तास लागला असेल. त्या अर्ध्या तासात तुम्ही काय ठरवत होतात? मिस्त्रीच्या हातून नंदी फुटला म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या गावचा मिस्त्री पाहतं. पोरीच्या हातून फुटला म्हटलं की हसतं आणि पुढच्या घराची दारंही तुमच्याकडेच येतात. आलीच ती, मला माहीत आहे. मी वडनेरला होते तेव्हा तुम्ही सेठजींच्या घराची दारं करत होतात.

आणि माझी मोगरी तिथेच होती, हाताच्या अंतरावर, वीतभर खाली. लहान असली तरी तिने ते झालं असतं, वेळ लागला असता इतकंच. तुम्ही ती घेतली नाहीत. नियम! लेकीच्या मोगरीला हात लावायचा नाही, हा नियम तुम्ही पाळलात. मग लेकीच्या अंगावर सगळं टाकलंत आणि मोगरी जाळलीत. सांगा ना, यातला कोणता भाग सुताराच्या धर्मात बसतो? तुम्ही असता तर मी हे ओरडून विचारलं असतं, त्याच ओट्यावर, त्याच पाच-सहा माणसांपुढे.

बुधवारी मी मोठ्या मिस्त्रींकडून बाभळीचा ठोकळा मागितला. हात ताठ धरून वीस आकडे मोजले, दोन चकत्या कापल्या. तेलात मुरवायला वेळ नव्हता, नुसतं पुसून घेतलं. चीर साफ केली, आत सागाची बारीक पाचर बसवली, भोकाचा चेचलेला तळ भरून माझ्या रेघेवर आणला. पाय जरा जरा घासून चारदा घालून काढून पाहिला, आणि मग मारलं. हात आधी थरथरला, दहा वर्षांच्या मुलीसारखा. नंतर नाही. मोठे मिस्त्री दारात उभे होते. "अस्सं," ते म्हणाले, "आता मले कोण बोलावते?"

शनिवारी सेठाणी नंदी न्यायला आली. पोटावरून हात फिरवला, चीर तिला सापडेना. "बाप रे, मिस्त्रीचाच हात आला तुझ्यात," ती म्हणाली. "लहानपणी फोडला, आता जोडला. हिसाब बराबर."

मी म्हणाले, "मी फोडला नव्हता."

"मग कोणी?"

"लोखंडी हातोड्याने फुटला तो. मी मोगरीनेच भोकं पाडली होती."

"हातोडा काय अपने आप चालला, बेटा?"

मी नंदीचा पुढचा उजवा पाय फडक्याने पुसू लागले. ती तशीच माझ्याकडे पाहत राहिली, म्हाताऱ्या माणसांना घाई नसते. मग हळूच म्हणाली, "मिस्त्रीनं?"

"हो," मी म्हणाले.

एवढंच. ती नंदीचं शिंग धरून म्हणाली, "सेठजीला शक होता. बोलले होते मला, इतकी छोटी पोरगी, इतका मोठा घाव कसा? पण मिस्त्रीला कोण बोलणार?" म्हणजे त्यांनाही वाटलं होतं. म्हणजे मी सोडून सगळ्यांनाच काही ना काही वाटत होतं. ती गेल्यावर मला मोकळं वाटायला हवं होतं. त्याऐवजी दिवसभर वाटत राहिलं की धावत जाऊन सांगावं, नाही हो, माझीच चूक, विसरून जा. सवय कशी लावलीत बघा.

नंदीच्या पायाला आता खालचा तुकडा लागत नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. सुंदर कोरलेला आहे, त्याचाच जास्त राग येतो. हे पत्र त्याच्याच खाली ठेवीन. पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायचं तर शेवटचं लिहायला नको होतं. पण ते लिहिल्याशिवाय हे पुरं होत नाही, आणि तुम्हीच शिकवलंय की तळ लागेपर्यंत थांबायचं नाही.

त्या सकाळी चुलीपाशी मी पुरण वाटत होते. बाहेरून टण् असा आवाज आला आणि त्याच्या मागून ती बारीक चरचर. पाच वेळा. आई म्हणाली, "बाबा कायनं एवढं ठोकून राह्यले?" मी डोळे मिटलेही नव्हते, तरी ओळखलं, लोखंडी हातोडा. आणि आईला म्हणाले, "मोगरीच हाय."